तीस मोजेपर्यंत

आई : म्हणजे तू त्याच्या हातचा चहा प्यायलीस.

लेक : अर्धा.

आई : अर्धा म्हणजे प्यायलीसच. ज्या मालकाने तुझ्या बापाला गेटबाहेर काढलं, त्याच्यासमोर बसून तू कपाला तोंड लावलंस. साखर तरी बरोबर होती का?

लेक : आई, मी तिथे तपासणीला गेले होते. गेल्या गेल्या तोंड फिरवलं असतं तर त्याने विचारलं असतं, बाई, तुमचं काय बिनसलंय. म्हणून चहा घेतला, हसले, वही उघडली. त्याने मला ओळखलंच नाही.

आई : कसा ओळखणार? तेव्हा तू सातवीत होतीस, दोन वेण्या होत्या आणि एक दात पडलेला. मी गेले असते तर माझा चेहरा बघूनच त्याचं दूध नासलं असतं. बरं, आता पहिल्यापासून सांग. आणि हळू बोल, तुझे बाबा आत पडलेत.

लेक : झोपलेत?

आई : ऐक की. शिट्टी येतेय का नाकातून? जागे असले की बारीक येते, झोपले की मोठी. ही मोठी आहे. बोल तू.

लेक : सहा वाजेपर्यंत मला अहवाल पाठवायचाय. आता सव्वाचार झालेत. म्हणून थेट इकडेच आले.

आई : त्यात काय पाठवायचंय? दोन ओळींचं काम आहे. हा कारखाना घाण करतो, ह्याच्याकडून काही घेऊ नका. खाली सही.

लेक : इतकं सोपं असतं तर मी ऑफिसातूनच पाठवलं असतं. तुला सांगितलं होतं ना, ती मोठी कंपनी त्याच्याकडून क्रोमचा मुलामा दिलेले नळ आणि दिव्यांच्या खोलगट वाट्या घेणार आहे. काही वर्षांचा करार करून. घेण्याआधी त्यांनी आमच्या ऑफिसला सांगितलं, जा, बघून या, पाणी किती खराब करतात, माणसांची काय हालत आहे, काही सुधारणा केलीय की नुसतीच रंगरंगोटी. मी जे लिहीन त्यावर ठरणार. मी साहेबांना आधीच सांगितलं होतं की माझे वडील तिथे बावीस वर्षं होते आणि त्यांना काढलं होतं. ते म्हणाले, तूच जा, तुला त्या कामातलं कळतं. पण जे लिहिशील त्यातल्या प्रत्येक ओळीला पुरावा लागेल, तुझा राग मला चालणार नाही.

आई : राग चालणार नाही म्हणे. क्रोमच्या वाफेने त्यांच्या बापाच्या नाकाला भोक पडू दे, मग विचारते.

लेक : मी आठवडाभर तयारी केली आई. पाण्याच्या बाटल्या, रसायनाच्या पट्ट्या, कॅमेरा. खोटं कशाला बोलू, मनात एकच होतं, आज ह्याला सोडायचं नाही. मला तो मागचा नाला हवा होता. आठवतो? शनिवारी मी बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा त्या नाल्यातून पिवळंजर्द पाणी वाहायचं. मला वाटायचं, कारखान्यात कुणीतरी रंगपेटी धुतंय. मी पहिल्यांदा ऑफिसात न जाता सरळ मागच्या भिंतीकडेच गेले.

आई : मग?

लेक : नाला कोरडा. गवत आलंय.

आई : कोरडा कसा? कालच पुसून घेतला असेल.

लेक : गवत एका दिवसात उगवत नाही. आत गेले तर जमीनही कोरडी. पूर्वी बाबा रबरी बूट घालून जायचे ना, आता माणसं साध्या चपलांवर फिरताहेत. टाक्यांवर झाकणं, वाफ ओढणारे पंखे. क्रोमच्या टाकीनंतर धुण्याच्या तीन टाक्या ओळीने. स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत पडतं, तिथून मागे येत येत पहिल्या टाकीत, म्हणजे तेच पाणी तीनदा कामी येतं. आणि क्रोमच्या टाकीवर एक आडवा दांडा बसवलाय. माल बुडवून वर काढला की तो लटकवलेला सांगाडा त्या दांड्यावर टांगायचा, वरचं क्रोम परत टाकीतच गळू द्यायचं, आणि मग...

आई : मला काय शिकवतेस? बावीस वर्षं मी त्यांचे पिवळे शर्ट धुतलेत. गळू न देता धुवायला घेतलं की सगळं क्रोम पाण्यात जातं आणि पाण्याबरोबर नाल्यात. हे ते रोज जेवताना सांगायचे. तो दांडा बसवा म्हणून त्यांनी त्याचे किती उंबरे झिजवले.

लेक : तोच दांडा होता तो. मग त्या टाकीवरच्या माणसाने सांगाडा टांगला आणि मोजायला लागला. मोठ्याने. एक, दोन, तीन. मी उभीच. दहा झाले, वीस झाले. तीसवर त्याने सांगाडा उचलला.

आई : तीस.

लेक : तीस. आपल्या घरात ताट धुतलं की उभं धरून तीस मोजायचे आणि मगच फडताळात ठेवायचं. माझ्या मैत्रिणी हसायच्या. छत्री दारात धरून तीस. मावशीने एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे कसला नवस आहे का म्हणून. बाबांशिवाय हे मोजणं मी जगात कुठे ऐकलं नव्हतं. आणि तिथे एकामागून एक माणसं मोजताहेत.

आई : म्हणजे त्याने ह्यांचंच घेतलं.

लेक : थांब, पुढे आहे. गेटवर हा एवढा मोठा फळा लावलाय. वर मालकाचा फोटो, हसरा. खाली लिहिलंय, मालकांची तीस अंकांची पद्धत. मी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? तर खुर्चीत मागे रेलून मला गोष्ट सांगितली त्याने. म्हणे तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल दांडीवर टाकला आणि तो गळताना बघत बसलो. सहज मोजलं. तीसला गळायचा थांबला. तसाच ओल्या अंगाने कारखान्यात फोन केला.

आई : ओल्या अंगाने.

लेक : ओल्या अंगाने, असं म्हणाला. हे सांगून सांगून त्याला पाठ झालंय, मध्ये कुठे थांबायचं तेही ठरलेलं आहे. पुढच्या महिन्यात ह्याच पद्धतीबद्दल त्याचा सत्कार आहे. मानपत्र मिळणार आहे.

आई : चकचक्या मेला. मी उगाच ते नाव नव्हतं ठेवलं. वरून चकाकी आणि आत गंज. नाव त्याचं झालं आणि नाक ह्यांचं गेलं. परवा दूध उतू जाऊन भांडं काळं पडलं, घरभर धूर, आणि हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचताहेत. नातीच्या केसांचा वास कसा असतो ते मला विचारतात. मी सांगते त्यांना. वास काय सांगता येतो का कुणाला?

लेक : मला माहीत आहे.

आई : तुला माहीत आहे, पण तू चहा प्यायलीस. आणि तो घड्याळवाला? तो फोरमन आहे का अजून?

लेक : आहे. वाकलाय आता. मालक गोष्ट सांगत होता तेव्हा तो बुटांकडे बघत उभा होता. निघताना गेटपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, कुणाचे बाबा? तर म्हणाला, तो पोरगा मोजत होता तेव्हा तुझे ओठ हलत होते. मला कळलं तू कुणाची ते.

आई : तू काय म्हणालीस?

लेक : रिक्षात बसले.

आई : बरं केलंस. तेव्हा सगळ्यांसमोर ह्यांच्या शेजारी घड्याळ धरून उभा राहिला होता. हा माणूस माल हातात घेऊन किती वेळ नुसता उभा राहतो ते मोजत होता. एका ताटात जेवलेला माणूस. आता विचारतो, बाबा कसे आहेत.

लेक : मला फसवल्यासारखं वाटतंय आई. मी पकडायला गेले होते आणि पकडण्यासारखं फार काही राहिलंच नाही. वाट्यांच्या दिवसांचं एक सोडलं तर काम चांगलं चाललंय. आणि जे चांगलं चाललंय ते बाबांचं आहे, पण कागदावर कुठेच तसं नाही. साहेब विचारतील, पुरावा काय? मी काय सांगू? आमच्या घरी ताटं अशी धुतात?

आई : पुरावा पाहिजे ना. ऊठ. त्या पेटीवरच्या चादरी खाली घे.

लेक : काय आहे त्यात?

आई : तुझे शाळेचे दाखले आहेत. त्यांच्या खाली बघ, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. हं, तेच. तुझ्या बाबांनी ते फाडायला घेतलं होतं. मी म्हटलं, द्या इकडे, मी टाकते. आणि ठेवून दिलं.

लेक : कामावरून काढल्याचं पत्र? तू मला कधी दाखवलं नाहीस.

आई : काय दाखवायचं? तू लहान होतीस. बाप कामचुकार म्हणून काढला, हे पोरीला वाचून दाखवू? नंतर ते ज्या ज्या कारखान्यात गेले तिथे आधी हेच विचारायचे, तुम्हाला का काढलं. शेवटी चौकीदाराचं काम धरलं. वाच तू. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि पाठ आहे ते वेगळं.

लेक : आपण माल टाकीतून काढल्यावर सांगाडा टाकीवर धरून, तोंडाने तीस अंक मोजत, विनाकारण उभे राहता. असे केल्याने क्रोम वाचते व पाणी कमी घाण होते, असे आपले म्हणणे आहे. ते कारखान्यास मान्य नाही. त्यामुळे काम खोळंबते. तीन वेळा समज देऊनही आपण सुधारला नाहीत. सबब आपणांस आजपासून... आई.

आई : काय झालं? पाणी देऊ?

लेक : आई, हे काय आहे तुला कळतंय का?

आई : काढून टाकल्याचं पत्र आहे.

लेक : बाबांची सगळी पद्धत ह्यात लिहिलीय. कशी करायची, किती मोजायचं, केल्याने काय होतं. तारीख आहे, एकोणीस वर्षांपूर्वीची. खाली त्याची सही, गोल शिक्का. आणि आज सकाळी त्याने आमच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की ही पद्धत मी तीन वर्षांपूर्वी शोधली, त्याआधी असा काही उपाय आहे हे कारखान्याला ठाऊक नव्हतं. दोन्ही कागदांवर तीच सही. त्या लांब शेपटीसकट.

आई : म्हणजे तो खोटारडा ठरला.

लेक : खोटारडा तर ठरलाच. पण सोळा वर्षं त्याला माहीत होतं आई. कुणीतरी सांगितलं होतं, त्याने लिहूनही ठेवलं होतं, आणि तरी सोळा वर्षं तो ते पिवळं पाणी सोडत राहिला. आणि त्या कंपनीचा नियम आहे, कागदावर खोटं आढळलं तर काम रद्द. मला काही रंगवून सांगायची गरजच नाही. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे, बस.

आई : काम रद्द झालं तर त्याचं काय होईल?

लेक : ह्या कामाच्या भरवशावर त्याने सगळ्या नव्या टाक्या बसवल्यात. रद्द झालं तर बहुतेक बंदच पडेल.

आई : पडू दे.

लेक : पडू दे. खरं सांगू? मला आतून इतकं बरं वाटतंय. एवढं बरं वाटणं चांगलं नाही, पण वाटतंय. तो मानपत्र घ्यायला नवा कोट शिवतोय, मला कापडाचा नमुना दाखवला त्याने.

आई : उघड तुझा तो कॉम्प्युटर. मी सांगते तसं लिही. हा माणूस चोर आहे.

लेक : चोर असं नाही लिहिता येत. खोटी माहिती दिली, असं लिहिते.

आई : बरं, तसं. पण जाड अक्षरात.

लेक : पत्राचा फोटो जोडते. शिफारस, काम देऊ नये. झालं. आता पाण्याचे आकडे भरले की...

(आतल्या खोलीतली शिट्टी बारीक झालेली आहे. दार लोटून बाबा बाहेर येतात, खुर्ची ओढून बसतात.)

बाबा : पाण्यात क्रोम किती येतंय?

आई : तुम्ही कधी उठलात?

बाबा : टॉवेलच्या वेळी.

लेक : बाबा, तुम्ही सगळं ऐकलंत?

बाबा : ते पत्र मी समजत होतो कचऱ्यात गेलं. तुझी आई काही टाकत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी विचारतोय, धुण्याच्या पाण्यात क्रोम किती येतंय?

लेक : पूर्वीच्या मानाने दहावा हिस्सासुद्धा नाही. पण मर्यादेच्या खाली काही उतरत नाही. त्याने दोन इंजिनिअर आणले, गाळण्या बदलल्या, मोजायचं तीसचं चाळीस करून पाहिलं. काही उपयोग नाही. माझ्याही लक्षात नाही आलं.

बाबा : नळांच्या दिवशी ठीक असतं आणि वाट्यांच्या दिवशी चढतं. असंच ना?

लेक : हो. तुम्हाला कसं कळलं? रोजची नोंद आहे त्यांच्याकडे, वाट्यांच्या दिवशीच चढतं.

बाबा : वाट्या कशा टांगतात?

लेक : तोंड वर करून. आतली चकाकी चांगली येते, असं फोरमन म्हणाला.

आई : अहो, हसताय काय? मी किती वर्षांनी बघतेय तुम्हाला असं हसताना. पाणी प्या, ठसका लागेल.

बाबा : तो अजून तेच सांगतोय. अगं, तोंड वर असलं की प्रत्येक वाटीत घोटभर क्रोम बसून राहतं. बाहेरून गळेल, आतलं कुठे गळणार? तीस मोजा नाहीतर तीनशे मोजा. वाटी टांगायचा तारेचा आकडा बोटभर वाकवायचा. वाटी तिरकी होते, तोंड जरासं खाली. मग बुडवताना आत हवा अडकत नाही आणि काढताना पाणी राहत नाही. खोलगट मालाला मात्र पंचेचाळीस मोजायचे.

लेक : हे तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?

बाबा : तेच सांगायला वर ऑफिसात गेलो होतो. वाकवलेला आकडा खिशात होता, दाखवायला. मी खिशात हात घातला आणि त्याने ते पत्र माझ्या पुढे केलं. मग आकडा काढलाच नाही. अर्धं काम त्याने चोरलं, पण अर्धं माझ्याचकडे राहिलं.

आई : एकोणीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?

बाबा : तू भाजीवालीला सांगितलं असतंस.

आई : सांगितलं असतं, हो. अभिमानाने सांगितलं असतं.

बाबा : गेटवर चौकीदारी करताना दिवस जात नसे, तेव्हा मी हेच मनात घोळवत बसायचो. त्याच्याकडे वाट्यांचं काम येईल, पाणी हाताबाहेर जाईल, मोठमोठी माणसं आणेल, आणि त्याला कळणार नाही. आज कळलं की तसंच झालंय. बरं वाटलं. तुझ्यासारखंच.

लेक : बाबा, वाट्यांच्या दिवशी पहिल्या धुण्याच्या टाकीवर एक बाई असते.

बाबा : बाई? पूर्वी बायका नव्हत्या तिथे.

लेक : आता आहे. चाळिशीची असेल. वाट्या भरून येतात म्हणून ती एकेक वाटी हाताने उपडी करते आणि मग धुते. हातमोजे असतात, पण मनगटातून आत उतरतं. मी म्हटलं, हात दाखवा, तर तिने पाठीमागे लपवले. मग दाखवले. बोटांच्या पेरांवर भोकं पडलीत, मसुराएवढी. तुमच्या हातावर आहेत तशी. तिला सांगितलंय, हे जेवणात मीठ जास्त झाल्यामुळे होतं.

बाबा : ह्या हातावर आहेत तशी?

लेक : हो. पण ताजी.

आई : घ्या, पाणी प्या.

बाबा : मी गप्प राहिलो ते त्याला सलावं म्हणून. आणि सलत होतं तिला.

आई : तुमचा काय दोष त्यात? तुम्ही तिला पाहिलंही नाही कधी. त्याने तुम्हाला त्या दिवशी बोलू दिलं असतं तर तिचे हात आज धड असते. हेसुद्धा त्याच्याच डोक्यावर. लिही गं, हेसुद्धा लिही. आणि बंद पाड तो कारखाना.

बाबा : शिफारस काय लिहिलीस?

लेक : काम देऊ नये.

बाबा : खोड ती.

आई : अहो, भलतंच काय? ह्या एका दिवसासाठी मी ते पत्र दुधाच्या पिशवीत जपलं. तुम्हाला त्याची दया येतेय?

बाबा : दया? त्याची? अगं, कारखाना बंद पडला तर तो घरी बसेल, नवा कोट घालून. किंवा दुसरीकडे टाकी मांडेल, जिथे कुणी मोजत नाही, आणि तिथे आणखी चार नाकं जातील. आणि आज जी साठ माणसं मोजताहेत ती उद्यापासून मोजणार नाहीत. मला ते नको. मला तो कारखाना चालायला हवाय. रोज, दिवसभर, त्याच्या खिडकीखाली माझे तीस मोजले गेले पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी त्याला ठाऊक असलं पाहिजे ते कुणाचे आहेत. आणि फक्त त्याला नाही, सगळ्यांना.

आई : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? हे चांगलं आहे.

लेक : मग असं करता येईल. शिफारस, अटींवर काम द्यावं. पहिली अट, पद्धत कुणाची आणि कोणत्या वर्षी सुचवली, हे कारखान्याने लेखी मान्य करावं आणि गेटवरचा फळा दुरुस्त करावा. दुसरी, दोन्ही कागद सोबत जोडले आहेत, सत्कार करणाऱ्यांनाही त्यांची प्रत जावी. तिसरी, त्या बाईचे उपचार कारखान्याने करावेत आणि वाट्या हाताने उपड्या करणं उद्यापासून बंद. खोटं लिहून दिल्याबद्दल कंपनीला काय करायचंय ते कंपनी ठरवील. मी लपवणार नाही आणि वाढवणारही नाही.

आई : आणि चौथी. ते पत्र चौकट करून त्या फळ्याखाली लावावं.

लेक : असं अटीत नाही बसत, आई.

आई : मग नको बसवूस. चौकट मी करून घेते. आणि लावायलाही मीच जाते, हातोडा घेऊन. बघू कोण अडवतो.

लेक : बाबा, आणि वाट्यांचं? आकडा वाकवण्याचं मी सुधारणा म्हणून लिहू? तुमच्या नावाने?

बाबा : नको लिहूस.

लेक : बाबा, त्या बाईचे हात...

बाबा : ऐक तर. लिहिलंस तर कागद त्याच्या टेबलावर जाईल, तो कुणाला तरी बोलावून सांगेल, आणि पुढच्या वर्षी त्याला आणखी एक आंघोळ आठवेल. मी उद्या सकाळी जातो. स्वतः जाऊन तिला दाखवतो. तिच्या हाताने आकडा वाकवून घेतो, म्हणजे ही युक्ती तिच्याकडे राहील. मग तू लिही, कुणी कुणाला शिकवलं ते.

लेक : गेटवर अडवतील तुम्हाला.

बाबा : तपासणीच्या बाईंबरोबर येणाऱ्याला कोण अडवणार? आणि मी चौकीदार होतो सात वर्षं. गेट कसं ओलांडायचं ते मला शिकवू नकोस.

आई : आणि तो चकचक्या समोर आला तर?

बाबा : येऊ दे. मी त्याच्याशी बोलायला जात नाहीये. उभा राहील बाजूला. मी उभा राहिलो होतो तसा.

लेक : साडेपाच झाले. पाठवू?

आई : एकदा वाचून दाखव. तो फळ्याचा भाग सावकाश वाच.

लेक : ... सदर पद्धत कारखान्यातील प्लेटिंग कामगाराने एकोणीस वर्षांपूर्वी सुचवली होती, हे कारखान्याच्याच पत्रावरून सिद्ध होते. पुढे तुमचं पूर्ण नाव घातलंय, बाबा. वडिलांच्या नावासकट.

आई : अजून एकदा वाच. नुसतं नाव.

बाबा : पुरे. पाठव.

लेक : पाठवला.

आई : आता मी चहा टाकते. आपला. पूर्ण प्यायचा.

लेक : बाबा, तो आकडा आहे का अजून? वाकवलेला?

बाबा : किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. तुझी आई समजते तो किल्ल्यांसाठीच आहे.

आई : एकोणीस वर्षं त्याला मी कपाटाची किल्ली अडकवतेय आणि मला आज कळतंय.

लेक : बाबा, एक सांगू? फोरमनही असेल तिथे. जुनी सवय आहे त्याला. तुम्ही टाकीवर उभे राहिलात की खिशात हात जाईल त्याचा, घड्याळाकडे.

बाबा : जाऊ दे की. मी सावकाश मोजेन.